वीस गुंठ्यांची माती

मला आकड्यांचा माज होता, हे आधीच सांगून टाकते. वडील शाळेत भूमिती आणि चित्रकला शिकवायचे. शिवाजी पेठेत कुणाचं बांधकाम निघालं की गवंडी त्यांना बोलवायला यायचे, आणि टेपचं दुसरं टोक धरायला मी जायचे. पंधरा वर्षांची होईतो मला खोलीचा कोपरा नुसता बघून सांगता यायचं, काटकोनात आहे की नाही. पेठेतल्या बायका म्हणायच्या, हिला सासर कसलं मिळतंय कुणास ठाऊक. मिळालं ते मुरगूडच्या अलीकडचं एक गाव आणि पुरती शेतकरी माणसं. घरात तिघंच. मी, आमचे हे, आणि सासरे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. सासऱ्यांना मी तिकडच्या रीतीप्रमाणं मामा म्हणायची.

सत्तरचं दशक अर्ध्यावर आलं होतं. गावात नदीचं पाणी उचलून आणणारी पाण्याची संस्था नुकतीच झाली होती. खाली वेदगंगेवर इंजिन, तिथनं पाइप, आणि आमच्या माळाच्या कडेला सिमेंटचा मोठा हौद. त्याला सगळे चेंबर म्हणत. चेंबरच्या तोंडातून पाणी पाटात पडायचं आणि उताराउतारानं ज्याच्या त्याच्या रानात जायचं. बघता बघता सगळं शिवार उसानं हिरवं झालं. राहिला आमचा वीस गुंठ्यांचा माळाचा तुकडा. चेंबरच्या शेजारी असून कोरडा, कारण तो चेंबरच्या तोंडापेक्षा साडेतीन फूट उंच होता. पाणी काही कुणाच्या भिडेनं वर चढत नाही. आम्ही तिथं पावसावर नाचणी काढायचो आणि पाटाच्या पाण्याचा आवाज ऐकायचो.

त्या साली रस्त्याचं काम निघालं आणि ठेकेदाराचा मुकादम मुरूम शोधत गावात आला. आमच्या तुकड्यात त्यानं एक खड्डा घेऊन बघितला. वर वीतभर माती आणि खाली पिवळा-तांबडा कडक मुरूम. तो खूश झाला. मामा म्हणाले, "जावा पावणं. हितं काय मिळायचं न्हाई."

मी आत चहा टाकत होते. चहा उकळायच्या आत माझ्या डोक्यात सगळं बसलं होतं. पाणी वर चढत नाही ना, मग रानच खाली उतरवायचं. वरची माती सोलून बाजूला ढीग घालायची, मुरूम चार फूट काढू द्यायचा, तळ सपाट करून घ्यायचा आणि माती परत पसरायची. मुरूम त्यांचा, उतरलेलं रान आमचं. देणं-घेणं काही नाही. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी उभा छेद काढला आणि ह्यांना दाखवला. हे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "व्हय की. लेका, हे आमच्या कुनाच्या टकुऱ्यात आलं न्हाई."

मामांनी तो कागद हातात सुद्धा घेतला नाही. ते एवढंच म्हणाले, "ती माती कुठनं आलीया ठावं हाय का तुमास्नी?"

ह्यांना ठाऊक होतं, मला नव्हतं. मामांच्या तरुणपणी तो माळ उघडा बोडका होता, कुसळ सुद्धा नीट येत नव्हतं. उन्हाळ्यात नदी आटली की काठाला गाळ उघडा पडतो. तो गाळ मामा बैलगाडीनं आणायचे. गाडी जिथवर चढेल तिथवर गाडीनं आणि पुढं डोक्यावर बुट्टी घेऊन. एक उन्हाळा नाही, वीस उन्हाळे. दुसऱ्यांनी माती विकत घेतली असेल, वारशानं मिळवली असेल. मामांनी ती केली होती. आणि मी, दोन वर्षांपूर्वी आलेली पेठेतली पोर, त्यांना सांगत होते की ती सोलून बाजूला ठेवा.

"एक बुट्टी जाणार नाही, मामा," मी म्हणाले. "मी स्वतः उभी राहीन."

ते आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी सकाळी दावणीला वैरण टाकता टाकता म्हणाले, "खड्डा झाला तर तू बघ." ही परवानगी होती की धमकी, हे मला आजही सांगता येणार नाही. मी ती परवानगी धरली.

वडिलांनी पेठेतल्या गवंड्याकडनं पारदर्शक नळी आणून दिली. नळीत पाणी भरायचं, दोन माणसांनी दोन टोकं धरायची, दोन्हीकडचं पाणी एका पातळीत उभं राहतं. एक टोक मी धरलं, दुसरं धरायला हे नव्हते. हे सकाळी गावचं दूध घेऊन मुरगूडला जायचे. मग मामाच उठले. त्यांनी नळीचं टोक धरलं आणि मी सांगेन तिथं उभे राहिले. चेंबरच्या तोंडापाशी, बांधावर, खाली ओढ्याच्या काठाला. माप घेऊन झाल्यावर जे निघालं त्यानं माझी झोप उडाली. रान चेंबरच्या तोंडाखाली गेलं पाहिजे, नाहीतर पाणी येणार नाही. पण ओढ्याच्या तळापेक्षा वर राहिलं पाहिजे, नाहीतर आमच्याकडचा पाऊस त्यात साचून तळं होणार. दोहोंच्या मधे जागा होती जेमतेम हातभर. चार फूट म्हणजे चारच फूट. फूटभर जास्त उकरलं की ऊस नाही, बेडकं.

मामांनी विचारलं, "किती जागा हाय म्हनालीस?"

मी हात कोपरापासून धरून दाखवला. ते नळीतलं पाणी ओतून घरी निघून गेले.

शिमगा झाल्यावर ठेकेदारानं लावलेली वडारांची चार कुटुंबं आली. माळावर पालं पडली, गाढवं आली. त्यांची मोठी म्हणजे एक म्हातारी होती. सगळे तिला अक्का म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. तिचं मराठी निम्मं वडारी बोलीतलं होतं, पण कामात तिला शब्दांची गरजच नव्हती. तिच्या लोकांनी आधी सगळी माती सोलून रस्त्याकडच्या बांधाला लांबट ढीग घातला. मग मुरूम उकरायला सुरुवात केली, आणि मधे मधे मूळ जमिनीचे खांब उभे ठेवले, माती सोलतानाच सोडलेले, डोक्यावर गवत तसंच. किती खोल गेलं याची ती साक्ष. मला ती पद्धत फार आवडली. कुणी खोटं बोलायला लागला तर मधे उभी असलेली माती खरं सांगायची.

आणि खोटं बोलणारा होताच. मुरूम खाली खाली आणखी चांगला लागत गेला आणि मुकादमाची नजर फिरली. मी रोज दुपारी भाकरी घेऊन जायची आणि खांबांची उंची मोजायची. एक दिवस बघते तर ओढ्याकडच्या कोपऱ्यात दोन माणसं चार फुटांच्या खाली उकरत होती आणि त्या कोपऱ्यातला खांबच नाहीसा केलेला. मी वरनं ओरडले. मुकादम म्हणाला, "बाई, कोपराच हाय की. मागनं भरून देतो."

"कशानं भरणार?"

"मातीनंच की."

"कुणाच्या मातीनं?"

तो हसला. त्याचं ते हसणं बघितलं आणि माझं डोकं फिरलं. मी पदर खोचला, खाली उतरले आणि त्या कोपऱ्यात जाऊन बसले. नुसती बसले. उन्हाचा तडाखा असा की मुरमावर हात टेकवत नव्हता. माणसं कुदळी धरून उभी. वर ट्रक घरघरत होता. मुकादमानं आधी समजावलं, मग आवाज चढवला, मग म्हणाला, "बाई, कुदळ लागंल हां."  मी म्हटलं, "लागू दे. मग ठेकेदारालाच घेऊन ये उचलायला." अक्कानं तिच्या माणसांना काहीतरी एकच शब्द सांगितला आणि दोघांनी कुदळी खांद्यावर टाकल्या. ट्रक रिकामा गेला. त्या दिवसापासून त्यानं चार फुटांची मर्यादा मोडली नाही. गावात बातमी झाली, पेठेतल्या सुनेनं ट्रक परतवला.

इथंच घात झाला. मी खाणीची राखण करत बसले आणि ढिगाकडं पाठ केली. पाठ केली असंही म्हणता येत नाही. डोळे उघडे ठेवून केलं मी ते.

पावसाळ्याआधी आमच्याकडं घरं लिंपायचं काम निघतं. भिंती, चुली, ओटे. आमच्या ढिगातली माती गाळाची, चिकट, हाताला लोण्यासारखी. आणि गावची एक रीत होती. उकरून बाहेर काढलेली माती कुणी मागितली तर नाही म्हणायचं नाही. मातीला न्हाई म्हणू ने, असं म्हातारी माणसं म्हणायची, शेवटी तिच्यातच जायाचं असतं. पहिली आली ती शेजारीण. "वैनी, चार बुट्ट्या न्हेतो हां माती," म्हणाली. आमच्याकडं बायकाही अशाच बोलतात. दोन वर्षांत त्या गावात कुणी मला काही मागितलं नव्हतं. माझ्याकडनं चहा घेतला होता, माझी चेष्टा केली होती, माझं 'आहे' आणि 'नाही' ऐकून हसल्या होत्या. मागितलं काही नव्हतं. मी म्हटलं, "न्या की."

दोन दिवसांनी सहा जणी आल्या. मग मात्र मी सावध झाले आणि तिथंच जास्त चुकले. मी टेप घेतला आणि ढीग मोजला. लांबी, रुंदी, उंची, दोन्हीकडचे उतार. कागदावर हिशोब केला. वीस गुंठ्यांवर वीतभर पसरायला जेवढी माती हवी, तेवढी धरून ढिगाची चांगली चवथाई जादा उरत होती. मी दोनदा गणित केलं, दोनदा तेच. मला वाटलं, मामांनी घातलेला गाळ त्यांना वाटतो त्यापेक्षा जाड असणार. मला अभिमान सुद्धा वाटला की हे मी शोधून काढलं.

मग मी काय करावं? चवथाई जिथं संपते तिथं ढिगात एक खुंटी ठोकली. बायकांना सांगितलं, "खुंटीच्या अलीकडची न्या. पलीकडची शेताची." आणि एक गोष्ट इथं स्पष्ट लिहिते, कारण नंतर गावाला बोल लावणारे पुष्कळ निघाले. त्या गावानं खुंटी ओलांडली नाही. डोक्यावरनं नेली, गाड्या घेऊन आले, देवळाच्या आवाराला नेली, तालमीच्या कट्ट्याला नेली, पण खुंटीपलीकडची एक बुट्टी कुणी उचलली नाही. वैशाख संपत आला तेव्हा खुंटीपर्यंतचा भाग साफ झाला होता आणि मला गावात येता जाता चार घरी हाका येत होत्या. मामा ढिगाकडं यायचेच नाहीत. सोललेली माती बघवत नाही, म्हणाले होते.

खाणीचा तळ लागला. चार फूट, सपाट, नळीनं चार ठिकाणी तपासलेला. उद्यापासून माती पसरायची असं ठरलं. अक्का ढिगापाशी आली आणि तोडलेलं टोक बघून तिनं विचारलं, "ही कुटं गेली?"

"ती जादा होती, अक्का. गावाला दिली."

"जादा?"

मी तिला गणित सांगितलं. तिनं ते पुरतं ऐकून घेतलं. मग ती तिच्या पालात गेली आणि एक डबा घेऊन आली. ढिगातली माती तिनं डब्यात काठोकाठ भरली, हातानं वर सपाट केली आणि हळूहळू पाणी सोडलं. मी उभी राहून बघत होते. डब्यातली माती खाली जायला लागली. आणखी पाणी, आणखी खाली. शेवटी डब्याचा वरचा भाग रिकामा राहिला, साधारण चवथाई.

"फुगल्याली माती ही," अक्का म्हणाली. "उकरली की फुगती. पानी पडलं की बसती. जादा कुटली आली बाई?"

माझ्या आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, मी तर बैलाच्या पायाखालचं रानच रिकामं केलं होतं. लहान पोरालाही कळलं असतं, खड्डा भरताना माती उरते कशी आणि वर्षानं तिथं खळगा पडतो कसा. माझ्या भूमितीत माती ही नुसती लांबी-रुंदी होती. आणि हे कुणाला विचारावं, हे मला सुचलं नव्हतं. अडीच महिने अक्का माझ्यासमोर माती उपसत होती आणि मी तिला मोजमापाबद्दल एक शब्द विचारला नव्हता.

मी मामांकडं गेले. ते गोठ्यात विळ्यानं वैरण कापत होते. मी सगळं सांगितलं, खुंटीसकट. वाटलं होतं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उठले आणि माळाकडं चालायला लागले. मी मागनं. ढिगापाशी जाऊन त्यांनी हात कोपरापर्यंत मातीत घातला आणि मूठभर बाहेर काढली. अडीच महिन्यांत पहिल्यांदा ते तिथं आले होते.

"परत मागता येईल," मी म्हणाले. "मी जाते घरोघर. माझी चूक, मी मागते."

"भित्तीवरची खरवडून आणनार हाईस व्हय?" ते म्हणाले. "दिल्याली माती. तिचं नाव काढायचं न्हाई."

"मग ह्यांना मी सांगते आज."

 हातातली माती त्यांनी ढिगावर परत टाकली आणि हात धोतराला पुसला.

ह्यांना सांगायची वेळच आली नाही. मुरगूडहून दुधाच्या रिकाम्या किटल्या घेऊन येताना रस्त्यातच कुणीतरी सांगितलं होतं की तुमच्या मातीनं निम्मं गाव लिंपलं. हे सायकल आदळून आत आले. ह्यांचा राग मला ठाऊक होता, पण असा नव्हता. बापाचं न ऐकता ह्यांनी माझा कागद धरला होता, ठेकेदाराला शब्द दिला होता, आणि आता उद्या सगळं गाव बघणार होतं. "कुनी दिली माती?" हे ओरडले. "ट्रक अडीवला म्हनं, आन् हिकडं आपल्याच मानसांनी रान न्हेलं. कुनी दिली? कुनाला इचारून न्हेली?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं.

मामा ओट्यावर बसले होते. "मला इचारून न्हेली," ते म्हणाले. "मी दिली."

हे बापाकडं वळले. "तुम्ही?"

"लोकं मागाय आली. न्हाई कसं म्हनायचं? फुगल्याली दिसली, जादा वाटली. माजा अंदाज चुकला."

वीस उन्हाळे ती माती डोक्यावरनं वाहिलेला माणूस म्हणत होता, माझा अंदाज चुकला. हे जे काही बोलायचे होते ते सगळं त्या म्हाताऱ्याला बोलले. मी ते इथं लिहिणार नाही. मामा खाली मान घालून ऐकत होते आणि मधे एकदाच त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या बघण्याचा अर्थ स्वच्छ होता, बोलायचं नाही. आणि मी बोलले नाही. मोठ्यांचा मान राखला, असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगत आले. खोटं आहे ते. मी भ्याले होते. त्या घरात माझ्या शब्दाला नुकती कुठं किंमत आली होती, ती मला सोडवेना.

दुसऱ्या दिवशी माती पसरायला घेतली. मी म्हणत होते, सगळ्या रानावर पातळ पसरू. मामांनी पहिल्यांदाच माझं गणित तोडलं. "पातळ पसरून सगळंच मारू नगंस," म्हणाले. "जेवडं झाकंल तेवडं नीट झाकायचं." मृग लागायच्या आत पंधरा गुंठ्यांवर माती आली. ओढ्याकडचे पाच गुंठे उघडे राहिले. पावसात ते तांबडे व्हायचे, उन्हात डोळ्यांत खुपायचे. रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस थांबून विचारायचा, हे असं का सोडलंय?

आणि उत्तर तयार असायचं. म्हाताऱ्यानं वीस वर्षं माती आणली आणि दोन महिन्यांत वाटली. पारावर, देवळापाशी, दूध घालायच्या रांगेत. मामांना समोरासमोर सुद्धा म्हणायचे, "काय आबा, औंदा कुनाला माती?" ते हसायचे आणि पुढं जायचे. ज्यांच्या घराच्या भिंती त्या मातीनं लिंपल्या होत्या तेही म्हणायचे. ज्या बायकांनी माझ्याकडनं नेली होती त्यांना खरं ठाऊक होतं, पण आमच्या घरातल्या मोठ्या माणसानं एकदा स्वतःवर घेतल्यावर त्याही गप्प बसल्या. कदाचित त्यांना वाटलं असेल, मी मामांना विचारूनच दिली असेल. ह्यांनी बापाशी वर्षभर कामापुरतंच बोलणं ठेवलं. जेवायला बसले की मधे ताटापुरती जागा सोडून बसायचे. मी दोघांना वाढायची.

पावसाळा सरला आणि पहिलं पाणी सोडायचा दिवस आला. चेंबरचं तोंड उघडलं तेव्हा मी बांधावर उभी होते. पाणी पाटातनं आलं, आमच्या रानाच्या तोंडाशी क्षणभर घुटमळलं आणि आत शिरलं. सरळ, कुठंही न तुंबता, टोकापर्यंत. लोकांनी मला शाबासकी दिली. ह्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं, "हिचं गणित." मामा पलीकडच्या बांधावर होते. शाबासकी माझी आणि चूक त्यांची, अशी वाटणी झाली होती, आणि मी ती घेतली.

त्यानंतर दर उन्हाळ्यात मामा गाळ आणायला लागले. साठी उलटलेली. पहिल्या साली एकटेच गेले. दुसऱ्या साली मी गाडीत चढले. ते म्हणाले, "तुजं काय काम?" मी रिकाम्या बुट्ट्या मांडीशी ओढून घेतल्या. नदीच्या काठाला ते खोऱ्यानं गाळ ओढायचे आणि मी बुट्ट्या भरून गाडीत टाकायची. घरी लहान मूल होतं, तरी जायची. आम्ही त्या विषयावर कधी बोललो नाही. गाडीच्या चाकांचा आवाज आणि बैलांना त्यांनी मारलेली हाक, एवढंच. वर्षाला पाऊण गुंठा, कधी त्याहून कमी. एकदा मी म्हटलं, "मामा, मी ह्यांना सांगून टाकते." त्यांनी बैलांना थांबवलं आणि मला म्हणाले, "खाली उतर, मागनं चालत ये." मी उतरले आणि घरापर्यंत गाडीच्या मागनं चालत आले.

शेवटचा तुकडा झाकायचा राहिला तेव्हा सात उन्हाळे गेले होते. त्या दिवशी हेही आले होते. बापलेकांचं बोलणं एव्हाना पूर्ववत झालं होतं, निदान वरनं तरी. मामांची कंबर वाकली होती पण बुट्टी ते कुणाला देत नव्हते. ओढ्याच्या बाजूला दोन हात रुंद पट्टा उरला होता. हे मातीवर खोरं ओढत होते आणि खुशीत होते. खुशीतच म्हणाले, "आबा, झालं बगा एकदाचं. आता तरी कोन मागाय आलं तर न्हाई म्हना. न्हाईतर परत देऊन बसशीला."

मामा हसले. नेहमीचं हसले, पारावर हसायचे तसं.

ते हसणं मी सात वर्षं बघत आले होते आणि त्या दिवशी मला ते सहन झालं नाही. माझ्या हातात बुट्टी होती ती मी टाकून दिली. "मी दिली होती," मी म्हणाले. माझा आवाज इतका मोठा निघाला की पलीकडच्या रानातली माणसं वळून बघायला लागली. "ऐकलं का? मामांनी नाही. मी दिली. खुंटी मी ठोकली, गणित मी चुकले. त्यांना ठाऊक सुद्धा नव्हतं. सात वर्षं तुम्ही त्यांना बोलताय आणि मी ऐकत बसलेय."

ह्यांच्या हातातलं खोरं तसंच राहिलं. हे माझ्याकडं बघायचे, मग बापाकडं बघायचे. ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं की काय ते मला नीट दिसलं नाही, कारण मलाच दिसत नव्हतं. हे पुटपुटले, "आबा, हे खरं?"

मामांनी डोक्यावरची बुट्टी रिकामी केली, पायानं माती सारखी केली आणि मग ते माझ्यावर ओरडले. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा.

"गप ग! माती माजी हुती. ती कुनी दिली ते मी सांगनार."